‘हेही पाहा’ : प्रस्तावना

राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावानं लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून आणि विनोद ‘बाळकराम’ म्हणून. वाचकाचं यात काही अडत नाही, ग्रंथपालाचं अडतं. ‘एकच प्याला’ एका खणात, ‘वाग्वैजयंती’ दुसऱ्यात आणि ‘रिकामपणची कामगिरी’ तिसऱ्यात गेलं, की ही तिन्ही एकाच हातची आहेत हे तालिकेला कळायला काही मार्ग उरत नाही. म्हणून आम्ही एक छोटं कार्ड घालत असू : ‘गोविंदाग्रज – पाहा : गडकरी, राम गणेश’. जिथे दोन्ही नावं चालू ठेवायची, तिथे ‘हेही पाहा’. शिरवाडकर आणि कुसुमाग्रजांचं असंच. माझ्या नोकरीची पहिली चार-पाच वर्षं अशी कार्डं लिहिण्यात गेली. ती असताना कुणाच्या डोळ्यांत भरत नसत. एखादं गहाळ झालं, की मात्र वाचक टेबलाशी येऊन भांडत.

या पुस्तकातले निबंध संगणकशास्त्रातल्या तरुण अभ्यासकांनी लिहिले आहेत. प्रस्तावना मात्र त्यांनी एका निवृत्त ग्रंथपालाकडे मागितली, त्याला कारण झाली उन्हाळ्यातली एक दुपार. त्यांच्यापैकी एकजण लॅपटॉप घेऊन घरी आली होती. तिच्याकडे दोन तक्ते होते. एकात तालुक्याच्या कचेरीतून मिळालेली टँकरच्या गावांची यादी, दुसऱ्यात २०११ च्या जनगणनेतली गावं, लोकसंख्या आणि पाण्याच्या सोयी. दोन्ही जोडले, की वर्षानुवर्षं टँकर लागणारी गावं कोणती आणि तिथे कागदोपत्री पाण्याची काय सोय आहे हे दिसणार होतं. दहा मिनिटांचं काम. तिचे त्यात तीन आठवडे गेले होते आणि निम्मंही हातावेगळं झालं नव्हतं.

घोडं अडलं होतं वडगावपाशी. वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द. बुद्रुक म्हणजे फारसीतलं ‘बुजुर्ग’, थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. एकाच नावाची दोन गावं वेगळी ओळखू यावीत म्हणून जुन्या काळच्या दफ्तरदारांनी लावलेली ही शेपटं, आणि व्यवस्था म्हणून फार शहाणपणाची. पण एका तक्त्यात ‘वडगांव बु॥’ असं अनुस्वारासकट, दुसऱ्यात ‘वडगाव बुद्रुक’, कुठे ‘वडगाव (बु.)’, आणि इंग्रजीतून उलटी मराठीत आलेली जी नावं होती त्यांत चक्क ‘वडगाव बीके’. पुण्यातले लोक आता बोलतानाही ‘आंबेगाव बीके’ म्हणतात. बुजुर्गांचा हा अवतार ना फारसीला ओळखू येईल ना मराठीला. माणूस ही चारही नावं वाचून लगेच म्हणतो, अहो, गाव एकच. यंत्राच्या लेखी ती चार गावं. मी तिला माझ्या कार्डांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, ‘सर, आमच्या अख्ख्या विषयाचं दुखणं हेच तर आहे.’

त्या विषयाचं रूढ नाव सिमँटिक वेब. मराठीत ‘अर्थजाल’ म्हणायला हरकत नाही, पण या पुस्तकात मूळ शब्दच ठेवला आहे आणि मला ते बरं वाटलं. डेटाला परिभाषेत ‘विदा’ म्हणतात. शब्द आटोपशीर आहे, पण ‘विदा’ ऐकलं की माझ्या डोळ्यांपुढे सासरी निघालेली मुलगी उभी राहते. तेव्हा डेटाच.

टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या संस्थेत आपल्या वरिष्ठांना एक टिपण दिलं. त्यातून पुढे वेब उभं राहिलं, हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. त्या टिपणाच्या पहिल्या पानावरची आकृती मात्र फार थोड्यांनी नीट पाहिली असेल. वर्तुळं, ढगासारखे आकार, त्यांना जोडणारे बाण. आणि बाणांवर शब्द : वर्णन करतो, यात येतं, यांनी लिहिलं. म्हणजे मूळ कल्पनेतली जोड बोलकी होती, आपण कशासाठी आहोत हे ती स्वतः सांगत होती. वेब जगभर पसरलं ते बहुतेक हे शब्द गाळूनच. आज एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारी निळी रेघ एवढंच म्हणते, की तिकडे काहीतरी आहे. का आहे, ते वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं. सिमँटिक वेब म्हणजे बाणांवरचे ते पुसले गेलेले शब्द पुन्हा लिहिण्याचा खटाटोप.

तंत्र तसं अवघड नाही. १९९९ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनं आरडीएफ नावाचा आराखडा प्रमाण म्हणून मान्य केला. कोणतंही विधान तीन पदांत मांडायचं : ‘एकच प्याला’ – लेखक – राम गणेश गडकरी. आणि या पदांना नुसतं नाव न देता वेबवरचा कायमचा पत्ता द्यायचा. पत्ता एक, नावं हवी तितकी. उद्या दुसऱ्या कुणी ‘गोविंदाग्रज – जन्मस्थळ – नवसारी’ असं कुठल्या तिसऱ्याच संगणकावर लिहिलं आणि गोविंदाग्रजांसाठी तोच पत्ता वापरला, तर दोन्ही विधानं कुणीही न सांगता एकमेकांना येऊन चिकटतात. पत्ते वेगळे पडले असतील तर ‘हे आणि ते एकच’ असं सांगणारं तिसरं विधान करता येतं. ते माझं ‘पाहा’चं कार्ड.

इथे थोडं आडवाटेला जातो, कारण हा विषय काढला की सभागृहात कुणीतरी हात वर करतंच : ‘संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा आहे असं नासानं म्हटलंय ना?’ नासानं तसं काही म्हटलेलं नाही. १९८५ मध्ये रिक ब्रिग्ज या संशोधकाचा एक लेख ‘एआय मॅगझिन’मध्ये आला. कृत्रिम बुद्धिमत्तेतले लोक वाक्याचा अर्थ गाठी आणि रेघांच्या जाळ्यात मांडतात, आणि संस्कृत वैयाकरण शाब्दबोध करताना वाक्य सोडवून क्रिया, कर्ता, कर्म, करण, अधिकरण अशी नाती उलगडून दाखवतात, या दोन रीतींत विलक्षण साम्य आहे, एवढं त्याचं निरीक्षण. लेख वाचनीय आहे. त्याची जी अफवा झाली तिच्यात अभिमान उरला आणि निरीक्षण हरवलं. मला हळहळ वाटते ती याची, की खरी गोष्ट अफवेपेक्षा जास्त मोलाची होती. भात कुणी, कुणासाठी, कशात, कशावर शिजवला हे नातं-नातं वेगळं करून मांडण्याची शिस्त आपल्याकडे शेकडो वर्षं होती. ती शिस्त, आणि आरडीएफच्या तीन पदांमागची शिस्त, एका जातीची.

मे २००१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांचा लेख आला आणि विषयाला प्रसिद्धी मिळाली, संशोधनाचा पैसाही मिळाला. लेखाच्या सुरुवातीला भाऊ-बहिणीची कथा आहे. आईला नियमित फिजिओथेरपी लागणार. बहीण हातातल्या यंत्रातल्या ‘एजंट’ला सांगते, तो डॉक्टरांकडून उपचाराची माहिती घेतो, विम्यात बसणारे, घराजवळचे, चांगल्या लौकिकाचे थेरपिस्ट शोधतो, दोघा भावंडांच्या वेळा जुळवतो आणि वेळापत्रक समोर ठेवतो. तेव्हा वाचताना मला वाटलं होतं, दहा वर्षांत हे होईल. झालं नाही. लेख आला त्याच वर्षी कोरी डॉक्टोरो या लेखकानं या स्वप्नाची यथेच्छ टर उडवणारा निबंध लिहिला. लोक खोटं लिहितात, लोक आळशी असतात, स्वतःबद्दल कुणाला धड काही ठाऊक नसतं, आणि जगाची विभागणी करायची एकच निःपक्षपाती रीत नसते, असं त्याचं म्हणणं. यातला शेवटचा मुद्दा कुठल्याही ग्रंथपालाला पहिल्या आठवड्यातच कळतो. ज्वारीवरचं पुस्तक शेतीत ठेवायचं, आहारात की अर्थशास्त्रात?

त्याचं एक उत्तर मद्रासेत १९३३ सालीच दिलं गेलं होतं. शियाळी रामामृत रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. विद्यापीठानं ग्रंथपाल नेमून त्यांना लंडनला शिकायला पाठवलं. तिथे सेल्फ्रिजेसच्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला : पट्ट्या, चाकं, खिळे तेच, जोडणी बदलली की वस्तू नवी. ज्ञानाचं वर्गीकरण करायला ठरीव फांद्यांचं झाड कशाला हवं, विषयाच्या पैलूंच्या पट्ट्या करू आणि गरजेप्रमाणे जोडू, असा विचार त्यातून आला आणि द्विबिंदू वर्गीकरण जन्मलं. कोणत्याही विषयाचे पाच मूळ पैलू त्यांनी पुढे मांडले. स्थळ आणि काळ त्यांतले दोन. आज आपण दुकानाच्या अ‍ॅपवर किंमत, रंग, माप अशा वेगवेगळ्या चाळण्या लावून सदरा शोधतो, ती पैलूंचीच रीत. सिमँटिक वेबच्या बऱ्याच संशोधनाला हे उशिरा उमगलं. पुस्तकातल्या निबंधांत रंगनाथनांचं नाव दोनदाच येतं. मला ते कमी वाटलं, आणि लेखकांना मी तसं तोंडावर सांगितलंही आहे.

स्वप्न फसलं म्हणावं तर तेही खरं नाही. ते मोठ्या दारानं आलं नाही, मोरीच्या खिडकीतून शिरलं. २९ ऑक्टोबर २०१२ ला विकिडेटा सुरू झाला. विकिपीडियाच्या सर्व भाषांना सामाईक अशी ही तथ्यांची वही. तिच्यात आज दहा कोटींहून जास्त नोंदी आहेत आणि प्रत्येकीला एक क्रमांक आहे. मुंबई म्हणजे क्यू११५६, पुणे म्हणजे क्यू१५३८. क्रमांकाला अर्थ नाही, आणि सगळी खुबी तिथेच आहे. १९९५ मध्ये ‘बॉम्बे’ हे अधिकृत नाव गेलं, २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. नावाला खुंटी करून टांगलेली माहिती अशा वेळी दोन ढिगांत विभागली जाते : जुन्या नावाचा पाऊस एकीकडे, नव्या नावाचा दुसरीकडे. क्रमांकाला टांगलेली माहिती जागची हलत नाही. नावं बदलतात, भांडणं होतात, कोर्टात जातात, क्रमांक तोच. तुमच्या मताप्रमाणे कुठलंही नाव खरं असो, पावसाची सरासरी एकाच ठिकाणी सापडते. राजकारणाला माहितीपासून चार हात दूर ठेवण्याची याहून सोपी युक्ती माझ्या पाहण्यात नाही.

मात्र क्रमांक कोण देतो, हा प्रश्न राहतोच. फ्रीबेस नावाचा असाच सामुदायिक साठा होता. हजारो लोकांनी त्यात हौसेनं भर घातली. २०१० मध्ये गूगलनं तो चालवणारी कंपनी विकत घेतली, २०१२ मध्ये गूगलच्या शोधाच्या उजव्या बाजूला माहितीची ती सुबक चौकट दिसू लागली, आणि २०१६ पर्यंत फ्रीबेस बंद झाला. साठा खुल्या परवान्याचा होता, त्याचा काही भाग विकिडेटात आणलाही गेला, कायद्यानं कुणाचं काही चुकलं नाही. तरी सार्वजनिक विहीर खणायला गाव राबावं आणि पंप एकानंच बसवावा, तशी ही गोष्ट. भाषेच्या पातळीवर हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं येतो. मुंबईच्या आयआयटीत मराठीचं शब्दजाल, म्हणजे वर्डनेट, उभं राहिलं ते प्रामुख्यानं हिंदी वर्डनेटमधल्या संकल्पना घेऊन आणि त्यांना मराठी शब्द लावून. त्यामुळे भारतीय भाषा एकमेकींना जोडल्या गेल्या, हा केवढा तरी लाभ. पण संकल्पनांची यादी एका भाषेतून आली, की दुसऱ्या भाषेतल्या ‘सोवळ्या’ला जागा कुठे, असा प्रश्न त्या पद्धतीतच उभा राहतो. या विषयावरचा निबंध मला संग्रहात सर्वांत आवडला. त्याबद्दल जास्त सांगून वाचकाचा रस घालवत नाही.

आता खुल्या डेटाकडे. २०१० मध्ये बर्नर्स-लींनी हॉटेलांसारखे तारे सुचवले. माहिती खुल्या परवान्यानं वेबवर ठेवली, भले पीडीएफ का असेना, तर एक तारा. यंत्राला वाचता येईल अशा तक्त्यात ठेवली तर दोन. तो तक्ता कुठल्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरला बांधलेला नसेल तर तीन. प्रत्येक गोष्टीला पत्ता दिला तर चार. आणि ते पत्ते दुसऱ्यांच्या पत्त्यांना जोडले तर पाच. भारत सरकारचं डेटा खुला करण्याचं धोरण २०१२ मध्ये आलं, त्याच वर्षी त्यासाठी राष्ट्रीय पोर्टलही. त्याआधी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नं सांगितलंच होतं, की कुणी मागायची वाट न पाहता खात्यांनी आपली माहिती स्वतः प्रसिद्ध करावी. महाराष्ट्राचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा तर त्याहूनही आधीचा.

आणि तरीही आपला डेटा पहिल्या ताऱ्यावरच लटकलेला दिसतो. कागद छापायचा, सही-शिक्का घ्यायचा, स्कॅन करायचा आणि तिरपा झालेला फोटो पीडीएफ म्हणून चढवायचा. मराठीचा आणखी एक खास आजार आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून जागा आहे. पण आपल्या कचेऱ्या आणि छापखाने त्यानंतरही कितीतरी वर्षं जुन्या फाँटांवरच चालले. त्या फाँटांत पडद्यावर ‘शासन’ दिसतं, पण आत साठलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की त्याचं कडबोळं होतं. शोधायला गेलं तर सापडत नाही, मोजायला गेलं तर मोजता येत नाही. माझ्या मते मराठीतल्या ज्ञानाचं जेवढं नुकसान वाळवीनं केलं, तेवढंच या फाँटांनी केलं असेल. कोविडच्या काळात ‘कोविड१९इंडिया’ हा स्वयंसेवकांचा उपक्रम राज्यांची रोजची पत्रकं वाचून आकडे हातानं भरत होता; पत्रकार, संशोधक सगळे त्यावर विसंबून होते. ऑक्टोबर २०२१ अखेर त्यांनी काम थांबवलं. एवढ्या मोठ्या देशाच्या साथीची वही शेवटी हौशी मुलांच्या टायपिंगवर चालली. त्याचं कौतुक करायचं, की त्याची लाज वाटून घ्यायची?

इथपर्यंत जोडणी हा गुण होता. आता त्याच नाण्याची दुसरी बाजू. पुस्तकाचा गाभा मला इथेच वाटतो.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या. नावं, पत्ते काढून टाकले होते. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड मात्र ठेवले होते. लटान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत विद्यार्थिनी होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी वीस डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. राज्यपाल विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेची माणसं शहरात सहा, त्यांतले पुरुष तीन, त्यांच्या पिनकोडात राहणारा एकच. राज्यपालांच्या आजारपणाचे कागद हाती आले. अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं या तीन गोष्टींवरून एकमेव ओळखू येऊ शकतात, असं स्वीनींनी २००० मध्ये दाखवलं. पुढे २००६ मध्ये नेटफ्लिक्सनं आपल्या ग्राहकांनी चित्रपटांना दिलेले गुण नावं पुसून स्पर्धेसाठी खुले केले. अरविंद नारायणन आणि व्हिताली श्मातिकोव्ह या टेक्सासच्या दोघा संशोधकांनी त्यांतले काही ग्राहक ओळखून काढले, चित्रपटांवरची त्यांची दुसरीकडची उघड मतं ताडून पाहून.

स्वीनींनी केलं ते काय? टँकरची यादी आणि जनगणनेची यादी जोडायला बसलेल्या त्या मुलीनं जे करायचं ठरवलं होतं, नेमकं तेच. वडगाव सापडतं त्याच रीतीनं माणूसही सापडतो. आपल्याकडे तर काम आणखी सोपं. आपलं पूर्ण नावच त्रिपदी : स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. ‘कर’ लागलेलं आडनाव बहुधा मूळ गाव सांगून टाकतं, उरलेलं पुष्कळ वेळा जात. मधलं नाव पाहून घर सापडतं. अशा समाजात ‘नाव काढून टाकलं, आता चिंता नाही’ असं कुठली कचेरी म्हणाली, तर तिला स्वीनींची गोष्ट सांगावी.

यावर सरळ उत्तर असं वाटतं, की माणसांविषयीचं सगळंच झाकून टाकावं. तसं नाही, आणि हे राजस्थानातल्या मजुरांनी दाखवलं. १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेनं तिथल्या गावांत जनसुनावण्या घेतल्या. सरकारी कामांचे हजेरीपट, आपल्या रोजगार हमीच्या कामांवर ज्यांना ‘मस्टर’ म्हणतात ते, गावासमोर मोठ्यानं वाचायचे. अमक्यानं इतके दिवस काम केलं, इतकी मजुरी घेतली. लोक उठून सांगत, तो तर कधीच वारला. हिशेबाची चोरी उघडी पडली ती नावामुळे. नाव झाकलं असतं तर नुसत्या बेरजा बरोबर होत्या. माहिती अधिकाराच्या चळवळीचं मूळ यात आहे. पण तीच नावं आधार क्रमांकासकट आणि बँक खात्यासकट वेबवर गेली, की काय होतं तेही आपण पाहिलं. सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेच्या २०१७ च्या अहवालानुसार चार सरकारी पोर्टलांवरून सुमारे तेरा कोटी लोकांचे आधार क्रमांक उघडे पडले होते, आणि त्यांत रोजगार हमीचंही पोर्टल होतं. चावडीवर वाचलेलं नाव गावापुरतं असतं. वेबवरचं नाव कुठे जाऊन कशाला जोडलं जाईल, ते सांगता येत नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला. त्यातल्या एका कलमानं माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(जे) बदललं. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, लोकहित मोठं आहे का, हे त्याच कलमात पाहावं लागे. विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्तीही होती. नव्या रूपात ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच कारण पुरतं. लोकहितासाठी माहिती देता येईल असं सांगणारं कलम ८(२) शिल्लक आहे, पण कचेरीच्या खिडकीवर नकार द्यायला पहिलं कलम पुरे होतं. माझं मत स्पष्ट आहे : हा बदल चुकला. नागरिकाचं आजारपण आणि कंत्राटदाराचं बिल यांना एकाच चादरीखाली झाकता येत नाही. संग्रहातल्या एका निबंधाचं मत माझ्या उलट आहे. त्यातला युक्तिवाद घट्ट आहे, वाचकांनी तो जरूर वाचावा. मला मात्र तो पटलेला नाही.

सिमँटिक वेब आणि खुला डेटा यांनंतर उरला पुस्तकातला तिसरा धागा, खासगी तंत्राचा. माझ्या वडिलांची पत्र्याची एक पेटी होती. तिच्यात सातबारा, रेशनकार्ड, विम्याच्या पावत्या, आम्हा भावंडांच्या पत्रिका, आजोबांची दोन पत्रं. किल्ली जानव्याला. घराण्याचा सगळा डेटा एका माणसाच्या कमरेशी होता. व्हॅनेव्हार बुश यांनी १९४५ मध्ये ‘मेमेक्स’ नावाच्या टेबलवजा यंत्राची कल्पना मांडली : माणसाची सगळी पुस्तकं, पत्रं, टिपणं सूक्ष्मफितीवर आत, आणि कुठल्याही दोन कागदांमध्ये स्वतः घातलेली वाट. ही पेटीच, फक्त आतले कागद एकमेकांशी बोलणारे. पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गॉर्डन बेल यांनी आपलं आयुष्यच संगणकात उतरवायला घेतलं, पत्रांपासून पावत्यांपर्यंत; गळ्यात आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. युरोपात ‘नेपोमुक’ प्रकल्पानं घरच्या संगणकातल्या फायली, माणसं, बैठका तीन पदांच्या विधानांनी जोडायचं ठरवलं. केडीई या खुल्या प्रणालीत ते आलं, संगणक मंदावतो म्हणून वापरणारे कुरकुरले, आणि २०१४ मध्ये त्याची जागा हलक्या यंत्रणेनं घेतली. खासगी आठवणींना अर्थ लावायला यंत्र लावलं, की पहिली तक्रार येते ती पंख्याच्या आवाजाची.

आज पेटी आपल्याकडे नाही. सातबारा ऑनलाइन आहे, फोटो एका कंपनीकडे, गप्पा दुसरीकडे, पावलांची मोजणी तिसरीकडे. बर्नर्स-ली गेली काही वर्षं ‘सॉलिड’ या रचनेवर काम करत आहेत : प्रत्येकाचा डेटा त्याच्या स्वतःच्या ‘पॉड’मध्ये, अ‍ॅपनं तिथे येऊन परवानगी मागायची. बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या सरकारनं ते वापरायला घेतलं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं अकाउंट अ‍ॅग्रिगेटरची चौकट आखली. संमती दिली की बँकेतली माहिती कर्ज देणाऱ्याकडे जाते आणि मधल्या दुव्याला ती वाचता येत नाही. कागदावर दोन्ही उत्तम. पण ज्याला कर्जाची निकड आहे तो संमतीचं बटण दाबतो, नाही म्हणायची त्याची ऐपत नसते. जानव्याची किल्ली आणि हे बटण यांत हा फरक आहे. या भागातले निबंध थोडे भाबडे झाले आहेत असं मला वाटलं.

शेवटी एक प्रश्न, जो वाचक विचारणारच. आता यंत्रं सलग मजकूर वाचून उत्तरं देतात, मग ही तीन पदं, हे क्रमांक, ही कार्डं कशाला? यंत्राला वडगावबद्दल विचारा. ते अस्खलित मराठीत उत्तर देईल. कुठल्या वडगावबद्दल, ते मात्र तपासून पाहा. ओघवतं बोलणं आणि नेमकं कशाबद्दल बोलतोय हे माहीत असणं यांतलं अंतर कुणीतरी कुठेतरी बसून भरावं लागतं, आणि ते काम अजून माणसंच करतात.

त्या मुलीचा तक्ता अखेर पूर्ण झाला. प्रत्येक गावासमोर जनगणनेचा सहा आकडी क्रमांक तिनं हातानं लिहिला. तो तक्ता तिनं खुला ठेवला आहे, आणि पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या कुणाचे तीन आठवडे त्यामुळे वाचतील.

वाचकांना एक विनंती. पहिल्या निबंधाकडे वळण्याआधी विकिडेटावर आपल्या गावाची नोंद काढून पाहा. मराठी नाव नसेल तर घाला, चुकीचं असेल तर दुरुस्त करा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि गाव बुद्रुक असेल तर बुद्रुक पूर्ण लिहा.